अर्धपोटी बुरशी

पुण्याहून जुन्या मुंबई रस्त्याने निघाले की पिंपरीत एचए लागते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड हे कागदावरचे नाव. बोलण्यात एचए कंपनी, एचए कॉलनी, एचएचे मैदान. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य घेऊन भारत सरकारने १९५४ साली ही कंपनी स्थापन केली आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. सरकारी क्षेत्रातला हा देशातला पहिला औषध कारखाना. टेल्को आणि बजाज यांच्या आधी पिंपरी-आकुर्डीच्या माळावर बुरशीचा कारखाना उभा राहिला, हे आज त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

बुरशीचा कारखाना हे शब्द अगदी नेमके आहेत. पेनिसिलिनचा रेणू प्रयोगशाळेत रसायने जोडून घडवता येतो, पण तसे करणे आजही परवडत नाही. तो पेनिसिलियम नावाची तंतुमय बुरशीच बनवते. माणसाने तिच्यासाठी पोलादी टाक्या बांधल्या, त्यांत निर्जंतुक हवा खेळवली, तापमान २५ अंशांच्या आसपास राखले. या सगळ्या सरंजामापेक्षाही अवघड प्रश्न होता तो तिच्या जेवणाचा. साखर किती द्यायची आणि कोणत्या वेगाने? पोटभर दिली तर बुरशी नुसतीच फोफावते, पेनिसिलिन जेमतेम देते. तोडली तर स्वतःलाच पचवू लागते. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत औषध मिळते. ती पट्टी मुळात असतेच का, हे कळायला बुरशी साखर आत कशी घेते ते पाहावे लागते.

तंतुमय बुरशी म्हणजे काही मायक्रोमीटर जाडीच्या नळ्यांचे जाळे. प्रत्येक तंतू फक्त टोकाशी वाढतो आणि मागे फांद्या फोडत जातो. नळीत आडवे पडदे असतात, पण त्यांना भोके असल्याने आतला द्रव एका कप्प्यातून दुसऱ्यात वाहू शकतो. त्यामुळे जाळ्याच्या एका भागात घेतलेली साखर दुसऱ्या भागातल्या वाढत्या टोकाला पोचते. अन्न गिळण्याची सोय नसल्यामुळे बुरशी विकरे बाहेर सोडते, पिष्ट किंवा काष्ठ बाहेरच्या बाहेर फोडते आणि सुटलेली छोटी साखर आत ओढते. हे ओढून घेणे आपोआप होत नाही. ग्लुकोजचा रेणू पाण्यात सहज विरघळतो, पण पेशीभोवतीचे पटल स्निग्ध पदार्थांचे असते. त्यातून त्याला जवळजवळ शिरताच येत नाही. त्यासाठी पटलात वाहक प्रथिने बसवलेली असतात. बहुतेक साखर-वाहक पटलातून बारा वेळा आरपार गेलेल्या एकाच लांब साखळीचे असतात. ते एका बाजूला उघडतात, ग्लुकोज धरतात, आकार बदलतात आणि दुसऱ्या बाजूला सोडून देतात.

आता खरी गंमत. बुरशीकडे वाहक एका प्रकारचा नसतो, आणि कोणता वाहक कधी वापरायचा हे बाहेरच्या साखरेवर ठरते.

हे सर्वांत स्वच्छ दिसले ते न्यूरोस्पोरा या बुरशीत. उसाचा फड पेटवून दिल्यावर जळक्या बुंध्यांवर नारिंगी भुकटी धरते, ती हीच. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील रमेश माहेश्वरी यांनी उसाच्या शेतातल्या तिच्या जीवनक्रमाचा बारकाईने अभ्यास केला होता. १९७०च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत आढळले, की ग्लुकोज भरपूर असलेल्या द्रवात ही बुरशी एक ढोबळ यंत्रणा वापरते. या यंत्रणेची ग्लुकोजवरची पकड सैल असते. लिटरला ग्रॅमच्या हिशोबात साखर असेल तेव्हाच ती नीट चालते. बाहेर दाट आणि आत विरळ असल्याने साखर उताराच्या दिशेने आत येते, ऊर्जा खर्चावी लागत नाही. तीच बुरशी साखर संपलेल्या द्रवात ठेवली, की थोड्या वेळात ती वेगळी वाहक प्रथिने बनवून पटलात बसवते. यांची पकड शेकडो पट घट्ट. लिटरमध्ये काही मिलिग्रॅम ग्लुकोज असले तरी ही यंत्रणा निम्म्या वेगाने काम करते. उपाशीपोटी केलेल्या रक्ततपासणीत नव्वदच्या आसपास आकडा आला की आपण समाधान मानतो. तो आकडा शंभर मिलिलिटरचा असतो, म्हणजे लिटरला नऊशे मिलिग्रॅम. भुकेली बुरशी त्याच्या शंभर पटींहून पातळ साखरही सोडत नाही.

इतक्या पातळ द्रवातून साखर आत खेचणे म्हणजे उलट चढ चढणे. आत बाहेरच्यापेक्षा जास्त ग्लुकोज असूनही आणखी घ्यायचे असते. ही ऊर्जा कुठून येते याचे उत्तर क्लिफर्ड आणि कॅरोलिन स्लेमन या दांपत्याने १९७४ साली दिले. न्यूरोस्पोराच्या पटलात एक पंप असतो. तो पेशीची ऊर्जा खर्चून हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, सतत बाहेर फेकतो. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंमध्ये सुमारे २०० मिलिव्होल्टचा विद्युतदाब तयार होतो आणि बाहेर गेलेले प्रोटॉन आत परतायला टपलेले असतात. घट्ट पकडीचा वाहक त्यांना वाट देतो, पण एका अटीवर : सोबत ग्लुकोजचा रेणू घेऊन यायचा. स्लेमन दांपत्याने तंतूत सूक्ष्म विद्युतअग्र खुपसले होते. भुकेल्या बुरशीला ग्लुकोज देताच त्यांना हा विद्युतदाब झपकन खाली येताना दिसला. साखरेबरोबर विद्युतभार आत शिरत असल्याचा तो थेट पुरावा होता. एका अदृश्य तंतूच्या आत सुई घालून त्याने घेतलेला साखरेचा घास असा मोजता यावा, याचे मला आजही अपार कौतुक वाटते.

साखर आत आली की तिला लगेच फॉस्फेट चिकटवले जाते, त्यामुळे ती परत निसटत नाही. इथून पुढे साखर अन्नाबरोबर निरोपाचेही काम करते. ग्लुकोज सपाट्याने आत येत असेल तर बुरशी त्याचा अर्थ लावते : सुबत्ता आहे, दुसरे काही करू नका, वाढा. हा निरोप जनुकांपर्यंत नेण्यात क्रेए नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. ते प्रथम अ‍ॅस्परजिलस निडुलन्स या बुरशीत सापडले आणि नंतर बहुतेक तंतुमय बुरश्यांत त्याची भावंडे मिळाली. ग्लुकोज मुबलक असताना क्रेए जाऊन शेकडो जनुकांच्या सुरुवातीच्या भागावर बसते आणि ती बंद ठेवते. दुसऱ्या साखरा पचवणारी विकरे, घट्ट पकडीचे वाहक, काष्ठ फोडणारी विकरे यांची गरज नसते, म्हणून ती बनत नाहीत. पेनिसिलिनची गोष्टही तशीच. त्याचा रेणू तीन अमिनो आम्ले जोडून सुरू होतो. ती जोडणी करणाऱ्या विकराचे जनुक ग्लुकोजच्या सुबत्तेत दडपले जाते, आणि त्यात क्रेएचा हात असल्याचे पेनिसिलियमवरील प्रयोगांतून दिसले आहे.

पण हे सारे ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी कारखान्यांना उत्तर सापडले होते. फ्लेमिंगने १९२८ साली पाहिलेल्या बुरशीपासून मिलिलिटरमागे एखाद-दोन युनिट पेनिसिलिन मिळे. एक युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम. १९४१च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डचे फ्लोरी आणि हीटली मदत मागायला अमेरिकेतील पिओरिया येथील सरकारी प्रयोगशाळेत गेले. तिथे अँड्र्यू मॉयर यांनी बुरशीच्या आहारात दोन बदल केले. मका भिजवून पिष्ट काढल्यावर उरणारे पाणी, म्हणजे कॉर्न स्टीप लिकर, त्यांनी द्रवात घातले आणि ग्लुकोजऐवजी दुधातली साखर, लॅक्टोज, वापरली. उत्पन्न कितीतरी पटींनी वाढले. १९४३ मध्ये पिओरियाच्याच बाजारातल्या एका खरबुजावर जास्त उत्पादक बुरशी सापडली आणि मग क्ष-किरण आणि अतिनील किरणांनी तिच्यात उत्परिवर्तने घडवून आणखी चांगले वाण काढले गेले. लॅक्टोज मात्र टिकून राहिले. एचएचा कारखाना उभा राहिला तेव्हा जगभर तीच पद्धत रूढ होती.

बराच काळ लोकांना वाटे की लॅक्टोजमध्ये पेनिसिलिनला पोषक असे काहीतरी खास आहे. तसे काही नव्हते. १९५३ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील सोल्टेरो आणि जॉन्सन यांनी साधे ग्लुकोजच घेतले, पण ते एकदम न ओतता सतत थोडे थोडे सोडत राहिले. पेनिसिलिन लॅक्टोजइतकेच मिळाले. लॅक्टोजचे गुपित एवढेच, की ते फोडणारे विकर बुरशीकडे कमी असते आणि ते संथपणे काम करते. त्यातून ग्लुकोज ठिबकत राहते, आणि ठिबकणाऱ्या ग्लुकोजमुळे सुबत्तेचा निरोप जातच नाही. साखर किती दिली यापेक्षा ती कोणत्या वेगाने आत शिरली, हे महत्त्वाचे. मला हा प्रयोग पेनिसिलिनच्या साऱ्या कथेतला सर्वांत सुंदर वाटतो. खरबुजाची गोष्ट सगळे सांगतात, ही कोणी सांगत नाही.

पुढे लॅक्टोज मागे पडले आणि कारखाने ग्लुकोजच्या किंवा साखरेच्या पाकाची संततधार देऊ लागले. टाकीतला क्रम साधारण असा असतो. पहिले दीड-दोन दिवस बुरशीला मोकळेपणी वाढू देतात, कारण काम करायला भरपूर तंतू हवेत. मग हात आखडता घेतात. त्यानंतरचे अनेक दिवस द्रवातली मोकळी साखर जवळजवळ शून्यावर असते. जेवढी पडते तेवढी घट्ट पकडीचे वाहक लगेच उचलतात. सोबत फिनाइल अ‍ॅसेटिक आम्लही बेताबेताने सोडतात, कारण पेनिसिलिन-जीच्या रेणूची बाजूची शेपटी त्यापासून बनते आणि ते जास्त झाले तर बुरशीलाच विषारी ठरते. हात किती आखडायचा यालाही खालची मर्यादा आहे. पेनिसिलियमच्या एक ग्रॅम कोरड्या वजनाला वाढ न करता नुसते जिवंत राहायलाच तासाला सुमारे वीस मिलिग्रॅम ग्लुकोज लागते. त्याखाली गेले की तंतूंत मोठमोठ्या पोकळ्या पडतात, ते तुटतात आणि विरघळू लागतात. साखर कमी पडल्याचे पीएचमापकावरही कळते. उपाशी बुरशी अमिनो आम्ले जाळू लागते, त्यातून अमोनिया सुटतो आणि पीएच चढतो.

साखर आवरायला आणखी एक कारण आहे, आणि टाकीजवळ काम करणाऱ्यांना तेच आधी जाणवते. साखर जास्त झाली की तंतूंचे जाळे दाट होते आणि टाकीतला द्रव पिठल्यासारखा घट्ट होतो. मग कितीही हवा सोडा, ती बुडबुड्यांतून द्रवात नीट मिसळत नाही. त्याच वेळी भरपूर साखर जाळणाऱ्या बुरशीला प्राणवायूही जास्त हवा असतो. प्राणवायू तुटला की पेनिसिलिनही तुटते.

प्रत्येक बुरशी अर्धपोटीच ठेवायची, असे मात्र नाही. अ‍ॅस्परजिलस नायगर, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याखाली दिसणारी काळी बुरशी, हिच्याकडून सायट्रिक आम्ल मिळवतात आणि तिला अक्षरशः साखरेत बुडवतात. १९१७ साली जेम्स करी यांनी दाखवून दिलेल्या या पद्धतीत द्रवात दहा-पंधरा टक्क्यांहूनही जास्त साखर असते. एवढ्या दाट द्रवात साखर इतक्या वेगाने आत घुसते, की पेशीला ती पुरती जाळता येत नाही आणि मधल्या टप्प्यावरचे सायट्रिक आम्ल बाहेर वाहू लागते. साखर कमी केली की बुरशी वाढते, आम्ल मात्र घटते. याला आणखी अटी आहेत : पीएच तीनच्या खाली, हवा भरपूर, आणि मँगॅनीज जवळजवळ शून्य. मँगॅनीजचा अंश राहिला तरी गणित बिघडते, म्हणून मळी वापरायची तर आधी तिच्यातले धातू काढावे लागतात. उसाची साखर पेशीत अखंड जात नाही. बुरशीचे इन्व्हर्टेज विकर तिचे बाहेरच ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. पीएच साडेपाचच्या आसपास असेल तर हीच बुरशी आणखी एक चाल खेळते : ग्लुकोज आत न घेता बाहेरच त्याचे ग्लुकोनिक आम्ल करून टाकते. बुरशी तीच आणि साखरही तीच, पण पीएचच्या एका आकड्याने बाहेर पडणारा पदार्थ बदलतो.

साखरेच्या अतिरेकाला दुसरी बाजूही आहे, ती मुरांब्याच्या बरणीत दिसते. पाक पुरेसा घट्ट असेल तर त्यात अन्नाचा तोटा नसतो, तोटा असतो पाण्याचा. साखरेचे रेणू पाणी धरून ठेवतात, आणि बुरशीचा बीजाणू रुजायला निघाला तर त्याच्या आतलेच पाणी बाहेर खेचले जाते. म्हणून घट्ट पाकाचा मुरांबा वर्षभर टिकतो. तरीही पावसाळ्यात वरच्या थरावर कधी कधी हिरवट-करडी साय धरते. झाकणाच्या आतून जमलेले वाफेचे थेंब पाकावर पडतात आणि तेवढाच एक पातळ थर सैल होतो; बुरशी तिथे पाय रोवते. अ‍ॅस्परजिलसच्या कुळातल्या काही जातींना तर एवढ्या सवलतीचीही गरज नसते. त्या पेशीत ग्लिसरॉल साठवून आतला द्रव बाहेरच्याइतकाच दाट करतात आणि मग पाणी गमावत नाहीत.

याच्या उलट टोकाला आहे उसाचा चोथा, म्हणजे बगॅस. त्यात साखर आहे, पण सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत कुलूपबंद. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पाषाण रस्त्यावरच्या एनसीएलमध्ये, या कुलुपावर अनेक वर्षे काम झाले. पेनिसिलियम फ्युनिक्युलोसम आणि पेनिसिलियम जॅन्थिनेलम या बुरश्यांची सेल्युलेज विकरे तिथे अभ्यासली गेली, त्यांचे जास्त विकरे देणारे उत्परिवर्ती वाण काढले गेले आणि बगॅसवर ते वाढवून पाहिले गेले. औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रहही याच आवारात आहे. बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह तिथून फार दूर नाही. तो आघारकर संशोधन संस्थेत आहे. तंतुमय बुरश्यांच्या बाबतीत पुणे हे देशातले मोठे ठाणे आहे, आणि शहराने या गोष्टीचा अभिमान बाळगायला हवा.

बगॅसवर पडलेल्या बुरशीपुढे अडचण अशी, की सेल्युलोज आत घेता येत नाही, मग ते बाहेर आहे हे तिला कळणार कसे? त्यासाठी ती उपाशी अवस्थेत थोडी सेल्युलेज विकरे कायम बाहेर सोडत असते. त्यांनी साखळी कुरतडली की सेलोबायोजसारखे दोन-तीन ग्लुकोजांचे छोटे तुकडे सुटतात. २०१० साली न्यूरोस्पोरात हे तुकडे अखंड आत नेणारे खास वाहक सापडले. तुकडे आत पोचले की विकरांचे उत्पादन जोरात सुरू होते. पण त्या यशातच अडथळा दडलेला असतो. विकरे जोरात चालली की ग्लुकोज साचते, क्रेए जागे होते आणि विकरांचे उत्पादन थांबते. निसर्गात हे शहाणपणाचे आहे, कारण शेजारच्या सूक्ष्मजीवांसाठी फुकट साखर सोडण्यात बुरशीचा काय फायदा? कारखान्याला मात्र ते नको असते. जगात सर्वाधिक वापरली गेलेली सेल्युलेजची बुरशी ट्रायकोडर्मा रीसी. तिचा मूळ वाण दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड खाताना सापडला होता. तिच्या रट-सी३० या गाजलेल्या उत्परिवर्ती वाणात क्रेएचे भावंड असलेले जनुक तुटलेले आहे. उत्परिवर्तन घडवणाऱ्यांना त्या वेळी हे माहीत नव्हते. ज्या बुरशीने जास्त विकरे दिली ती त्यांनी निवडली, आणि ती निवड नेमकी त्या जनुकावर जाऊन पडली. ट्रायकोडर्माला सेल्युलेज बनवायला लावण्यासाठी आजही कारखान्यांत लॅक्टोज वापरतात, आणि तेही संततधारेने.

आज हे शास्त्र इंधनाच्या कामाला लागले आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला, त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजचे आहे. वर्षाला दोन लाख टन पेंढा आणि तीन कोटी लिटर इथेनॉल, असा त्याचा आराखडा. पेंढ्यातली साखर सोडवणारी विकरे बुरश्यांकडूनच येतात, आणि त्यांचा खर्च हा अशा प्रत्येक प्रकल्पाचा मोठा भार असतो. पेंढा किंवा बगॅस फोडल्यावर ग्लुकोजबरोबर झायलोज ही पाच कार्बनांची साखरही भरपूर निघते. या साखरांचे इथेनॉल करणाऱ्या यीस्टच्या अनेक वाहकांना दोन्ही साखरा धरता येतात, पण ग्लुकोज समोर असताना ते झायलोजला जागा देत नाहीत. ग्लुकोज संपेपर्यंत झायलोज द्रवात तसेच पडून राहते आणि टाकी तेवढे तास अडकून बसते. म्हणून निरनिराळ्या बुरश्यांमधून झायलोजवर घट्ट पकड असलेले आणि ग्लुकोजला न भुलणारे वाहक शोधण्याचे, आणि एकेक अमिनो आम्ल बदलून ते घडवण्याचे काम आता जगभरच्या प्रयोगशाळांत चालू आहे.